बुडाखालची वस्ती

समुद्रात उभ्या असलेल्या बोटीचं बूड किती दिवसांनी घासायचं? प्रश्न ऐकायला अगदी घरगुती वाटतो, गच्चीवरची टाकी किती दिवसांनी धुवायची या जातीचा. उत्तरही एका ओळीत मिळेल असं वाटतं. पण या प्रश्नाच्या मागे लागलं की माणूस कुठल्या कुठे जाऊन पोचतो. वाटेत वास्को द गामा भेटतो, आपलं मराठ्यांचं आरमार भेटतं, हम्फ्री डेव्हीसारखा शास्त्रज्ञ भेटतो आणि शेवटी फ्रान्समधली बिचारी कालवंही भेटतात. तेव्हा मंडळी, आजचं लिखाण जरा लांबलंय. चहा घेऊनच बसा :-)

आधी बुडाखाली नेमकं होतं काय ते बघू. स्वच्छ रंगवलेली बोट पाण्यात सोडली की काही तासांतच तिच्या बुडावर जिवाणूंचा एक बुळबुळीत थर धरायला लागतो. पाठोपाठ शेवाळ येतं. आणि मग येतात कवचवाले: बार्नॅकल, कालवं, शिंपले, चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे. यातला बार्नॅकल हा प्राणी भलताच गमतीचा आहे. दिसतो शिंपल्यासारखा, पण कूळ खेकडा-कोळंबीचं. लहानपणी पाण्यात मोकळा हिंडतो, मग एखादी टणक जागा बघून डोक्याकडून स्वतःला चिकटवून घेतो, भोवती चुन्याचा किल्ला बांधतो आणि उरलेलं आयुष्य उलटं राहून पायांनी अन्न ओढून घेण्यात घालवतो. खुद्द चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्याच्या अभ्यासात घातली. त्याचा डिंक इतका पक्का की कवच फोडलं तरी बुडाची चकती मागे राहतेच.

थंड समुद्रात ही मंडळी हिवाळ्यात बरीचशी थंडावतात. उष्ण किनाऱ्यावर त्यांना सुट्टी नाही. पिल्लं जवळपास वर्षभर पाण्यात असतात आणि वाढही झपाट्याने होते. बोट चालती असेल तर चिकटायला जरा अवघड, पण बंदरात उभी असेल तर आमंत्रणच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यात एवढं बिघडतं काय? तर वेग आणि पैसा. अमेरिकेच्या नौदलाच्या फ्रिगेट जातीच्या जहाजासाठी २००७ साली केलेला एक हिशेब प्रसिद्ध आहे. बुडावर कवचवाल्यांची दाट वस्ती झाली, तर नेहमीच्या वेगाने जायला तब्बल ८६ टक्क्यांपर्यंत जास्त ताकद लागू शकते असं त्यात निघालं. नुसत्या बुळबुळीत थरानेही फरक पडतोच. आणि हे इंजिनवाल्या जहाजाचं झालं. शिडाच्या जहाजाला जास्तीची ताकद आणायची कुठून? वारा आहे तेवढाच. म्हणजे मग उशीर. आणि भर समुद्रात उशीर म्हणजे संपलेलं पाणी, नासलेलं अन्न आणि आजारी खलाशी.

लाकडी जहाजाला आणखी एक शत्रू होता. टेरेडो नावाचा, नाव किड्याचं पण कूळ शिंपल्याचं. हा बाहेर राहतच नाही, लाकडात शिरून आतून बोगदे काढत जातो. वरून फळी धड दिसते आणि आतून चाळण झालेली असते. कोलंबसची शेवटची सफर याच किड्याने संपवली. कॅरिबियनच्या कोमट पाण्यात त्याची जहाजं इतकी पोखरली गेली की जून १५०३ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून ठेवावी लागली, आणि तो तिथे वर्षभर अडकून पडला.

त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. वास्को द गामा कालिकतहून परत निघाला तो सप्टेंबर १४९८ मध्ये अंजदीव बेटापाशी थांबला. हे बेट कारवारच्या समोर असलं तरी आज ते गोव्यात मोडतं. थांबण्याचं कारण काय? जहाजांची बुडं साफ करायची होती. जहाज भरतीला किनाऱ्यावर आणायचं, ओहोटीला एका कुशीवर कलंडवायचं, उघडी पडलेली बाजू खरवडायची, सांधे बुजवायचे, पुन्हा भरतीला दुसरी कूस. येतानाही आफ्रिकेत आजच्या केलिमाने इथे महिनाभर मुक्काम करून त्यांनी हेच केलं होतं. अंजदीवहून ५ ऑक्टोबरला निघालेली जहाजं आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत जवळजवळ तीन महिने समुद्रात होती, आणि स्कर्व्हीने माणसं पटापट गेली. त्याला मुख्य कारण चुकीच्या वेळी निघाल्यामुळे न मिळालेला वारा. शाळेत आपण गामाच्या मोठ्या तारखा पाठ केल्या. पण त्या सफरीतले कितीतरी दिवस बूड खरवडण्यात गेले हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता आपल्या बाजूचे लोक काय करत होते ते पाहू. मार्को पोलोने हिंदुस्थानकडे येणाऱ्या चिनी जहाजांचं वर्णन करून ठेवलंय. चुना, बारीक चिरलेला ताग आणि एका झाडाचं तेल कुटून त्याचा लेप बुडाला देत. आणि वर्षभर फिरून जहाज दुरुस्तीला आलं की जुन्या फळ्या न काढता वरून नव्या फळ्यांचा एक थर ठोकत. असे सहा थर होईपर्यंत जहाज वापरायचं. म्हणजे घासण्यापेक्षा नवा अंगरखाच चढवायचा! पश्चिम किनाऱ्यावरही चुना आणि तेल एकत्र कुटून केलेला गलगल नावाचा लेप प्रसिद्ध होता. इंग्रजांच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात या शब्दाची नोंद आहे.

कोकणात मात्र खरं वेळापत्रक पावसाने ठरवून दिलेलं. माझं आजोळ खाडीकाठचं, त्यामुळे ‘शाकारणे’ हा शब्द मी घराच्या छपराबरोबरच होड्यांसाठीही ऐकत आलोय. मे अखेर होड्या उधाणाच्या भरतीला वर ओढायच्या, धुवायच्या, खरवडायच्या आणि झापांनी शाकारून ठेवायच्या. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा तेल, डांबर, रंग देऊन पाण्यात. लाकडाला मुशीच्या लिव्हरचं तेल चोपडायचे, त्याचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. दोन-अडीच महिने कोरड्यावर राहिल्यावर शेवाळ, बार्नॅकल, किडा, कुणीच जगत नाही. मधल्या काळात लहान होड्या रोज किंवा दोन दिवसाआड वाळूवर यायच्याच, त्यामुळे वस्ती जमायला वेळच मिळत नसे.

यात पूर्वजांचं फार थोर शहाणपण होतं असं म्हणून मी हार घालणार नाही. समुद्र खवळलेला, बाहेर जाताच येत नाही, मग करणार काय? सक्तीची सुट्टी होती आणि तिचा उपयोग करून घेतला, एवढंच. पण त्या सक्तीमुळे एक चांगली गोष्ट घडली. ‘या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणायची सोयच उरली नाही.

हेच वेळापत्रक आरमारालाही लागू होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराचं एक प्रकरण आहे. त्यात पावसाळ्याआधी आरमाराची छावणी कुठे करावी याचा विचार केलेला आहे, आणि ती दरसाल एकाच बंदरात करू नये, म्हणजे तिथल्या लोकांना उपद्रव होणार नाही, असंही सांगितलंय. मला यातला दुसरा भाग फार आवडतो. जहाजांची निगा राखायची तर तिचा भार कुणावर पडतो, हे लिहिणाऱ्याने आधी मोजलं होतं.

विजयदुर्गाच्या खाडीत थोडं आत गेलं की गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला कातळात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही दिसते. शंभर मीटरहून जास्त लांब. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला ते टेकलं की कामाला लागायचं. विजयदुर्ग पाहायला जाणारे बहुतेक लोक बुरूज बघून परत फिरतात. पुढच्या वेळी गेलात तर गोदीही जरूर बघा. आरमाराची ताकद तोफांइतकीच अशा जागांवर अवलंबून होती.

मुंबईला इंग्रजांनी हेच काम पक्क्या बांधकामात केलं. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली जहाजबांधणी सुरू झाली आणि १७५० साली मुंबईत पहिली सुकी गोदी तयार झाली. त्यानंतर १७६२ आणि १७६५ साली आणखी दोन. दरवाजा लावायचा, पाणी काढायचं, की भरती-ओहोटीच्या घड्याळाची पर्वा नको. १७८२ साली बंगालच्या उपसागरात इंग्रजांचा अॅडमिरल ह्यूज आणि फ्रेंचांचा सुफ्रां यांच्यात एकामागून एक लढाया झाल्या. सुफ्रां सेनानी म्हणून सरस. पण वर्षाअखेर दोघांची जहाजं जर्जर झाली तेव्हा ह्यूज दुरुस्तीसाठी मुंबईला आला आणि सुफ्रांला थेट सुमात्राच्या टोकाला आचेला जावं लागलं. एकाकडे गोदी होती, दुसऱ्याकडे नुसतं बंदर.

तोपर्यंत या गोष्टीत तांब्याचा प्रवेश झाला होता. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने अलार्म नावाच्या फ्रिगेटच्या बुडाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात पाठवलं. ती १७६३ मध्ये तपासली तर काय, बुडावर बार्नॅकल नाहीत, किडा नाही! फक्त एक गडबड. तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार झिजून गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड शेजारी आले की लोखंड खाल्लं जातं. पत्र्याखालचा तपकिरी कागद जिथे शाबूत राहिला होता तिथले खिळे मात्र धड होते.

सुचवणी स्पष्ट होती, पण लढाई घाई करते. १७७९ पासून चार्ल्स मिडलटनच्या पुढाकाराने सगळ्या आरमाराला तांबं चढवण्याचा सपाटा लागला. वेग मिळाला, गोदीच्या खेपा कमी झाल्या. खिळ्यांचं दुखणं मात्र आत चालूच राहिलं, आणि काही वर्षांनी लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरायला लागल्यावरच ते थांबलं.

पुढचा अध्याय मला सगळ्यात आवडतो. तांब्याचे पत्रे समुद्रात हळूहळू झिजत आणि ते महागडं काम. म्हणून नौदलाने हम्फ्री डेव्हीला विचारलं. डेव्हीने १८२४ साली तोड काढली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून ठेवा, तांब्याऐवजी ते झिजतील. अगदी बरोबर निघालं. तांबं झिजायचं थांबलं... आणि बुडावर पुन्हा शेवाळ आणि बार्नॅकल यायला लागले! कारण तांबं झिजत होतं म्हणूनच तर विष पाण्यात उतरत होतं आणि वस्ती होत नव्हती. झीज हा दोष नव्हता, तेच औषध होतं. शेवटी नौदलाने ते तुकडे काढून टाकले. डेव्हीची युक्ती पुढे लोखंडी जहाजं आणि पाइपलाइन वाचवायला जगभर वापरली गेली, तो भाग वेगळा.

लोखंडी जहाजं आली आणि प्रश्न पुन्हा पहिल्या पानावर. लोखंडाला तांबं थेट लावता येईना, मग तांब्याचे क्षार मिसळलेले रंग निघाले. पण रंगाचं आयुष्य मर्यादित. उभं राहणं किती महागात पडतं याचा धडा १९०५ साली मिळाला. रशियाचं बाल्टिक आरमार ऑक्टोबर १९०४ मध्ये युरोपातून जपानकडे निघालं. वाटेत मादागास्करच्या नोसी-बे बंदरात दोन महिन्यांहून जास्त पडून राहिलं, मग इंडोचायनाच्या किनाऱ्यावर आणखी थांबलं. सगळं उष्ण पाणी, आणि वाटेत कुठे गोदी नाही. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाला गाठ पडली तेव्हा ही जहाजं कोळशाने जड झालेली आणि बुडाला दाट वस्ती घेऊन आलेली होती. समोरच्या तोगोची जहाजं घरच्या गोदीतून साफसूफ होऊन आलेली. रशियनांच्या पराभवाला इतर कारणं भरपूर होती, पण वेगाचा फरक जपान्यांच्या पदरात आयता पडला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असं वाटलं की आता मात्र सुटलो. ट्रायब्युटिलटिन म्हणजे टीबीटी नावाचं कथलाचं संयुग रंगात घालायला लागले. पाण्याबरोबर रंगाचा पातळ थर आपोआप सुटत जायचा आणि खालून ताजं विष वर यायचं. मोठी जहाजं पाच-पाच वर्षं गोदीत न येता फिरू लागली. बोटवाले खूश, रंगवाले खूश.

मग फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरातून तक्रारी यायला लागल्या. तिथे कालवांची शेती चालते आणि शेजारीच हौशी बोटींची गर्दी असते. कालवांची पिल्लं जगेनात, जगली त्यांची कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली. दुसरीकडे गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा एक अब्जांश टीबीटी एवढ्यानेही हे होतं असं दिसून आलं. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींना तो रंग बंद केला. जगाला एकमत व्हायला २००१ उजाडलं, आणि तो आंतरराष्ट्रीय करार प्रत्यक्ष लागू झाला १७ सप्टेंबर २००८ रोजी. जहाजमालकाचे घासण्याचे कष्ट वाचले होते खरे. त्याची किंमत कालववाल्यांनी भरली, ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

बरं, विष नको म्हणून नुसतं घासत राहावं, तर त्यातही मेख आहे. बुडावरची वस्ती ही फुकटची प्रवासी असते. कॅरिबियनकडचा एक लहान शिंपला १९६७ साली विशाखापट्टणम बंदरात सापडला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही येऊन बसला. हाच शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या एका बोटींच्या तळावर निघाला. (हो, शहराला नाव त्याच बार्नॅकलवाल्या डार्विनचं!) तिथल्या सरकारने ते तळ बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपला संपला, आणि त्या पाण्यातलं बाकी बरंच काहीही. भलत्या बंदरात पाण्यातच बूड खरवडलं तर परदेशी पिल्लं आणि रंगाचं विष दोन्ही तिथेच पडतं. म्हणूनच न्यूझीलंडने २०१८ पासून नियम केला, की येणाऱ्या जहाजाने बूड साफ करूनच यायचं.

आता मूळ प्रश्न. किती दिवसांनी? आकडे हवेच असतील तर मोठ्या मालवाहू जहाजांना पाच वर्षांत दोनदा बुडाची तपासणी करावी लागते आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. उष्ण पाण्यात कायम उभ्या असणाऱ्या लहान बोटीचे मालक साधारण महिन्याने पाणबुड्या खाली पाठवतात, पाणी जास्त तापलं की त्याहून लवकर. बुळबुळीत थर असतानाच मऊ फडक्याने पुसून घेतला तर काम सोपं. कवचं धरू दिली की खरवडावं लागतं, खरवडलं की रंग निघतो, आणि रंग निघाला की पुढची वस्ती दुप्पट उत्साहाने येते.

पण एवढं सगळं वाचल्यावर मला हा आकडा दुय्यम वाटायला लागलाय. बोट चालते किती आणि उभी राहते किती हे आधी विचारावं. खाली जाऊन बघतं कोण हेही विचारावं. आणि घासलेलं किंवा सुटलेलं कुणाच्या पाण्यात पडतं, हे तर नक्कीच. तांबं, जस्त, कथील, प्रत्येक वेळी माणसाला वाटलं की हे काम आता कायमचं संपलं. ते कधी संपलं नाही. ते फक्त एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात गेलं. कधी खिळ्यांवर गेलं, कधी कालवांवर.

माझ्या आजोळी आता बहुतेक बोटी फायबरच्या आहेत आणि डिझेल महाग आहे, त्यामुळे बुडाचा हिशेब तिथल्या तांडेलाला माझ्यापेक्षा कितीतरी पक्का ठाऊक असतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी वर येतात, रांगेने कलंडतात आणि खरवडण्याचा आवाज सुरू होतो. तुमच्यापैकी कुणाच्या गावी यासाठी वेगळा शब्द, वेगळा लेप किंवा वेगळी रीत असेल तर जरूर कळवा. ही माहिती वहीपेक्षा माणसांजवळच जास्त आहे, आणि ती माणसं आता थोडी उरलीत.